पिस्तुलाचा हिशेब

घरात नवी वस्तू आणावयाची झाली म्हणजे आमच्या कुटुंबात प्रथम तिची किंमत विचारली जाते, मग ती ठेवावयाची जागा, आणि अखेरीस ती खरोखर हवी आहे की नाही हा प्रश्न. हा क्रम उलटा आहे हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु शिवणयंत्रापासून धुलाईयंत्रापर्यंत सर्व वस्तू ह्याच क्रमाने घरात आल्या आणि त्यापायी संसार काही बुडाला नाही. अलीकडे मात्र आमच्या नानांनी अशी एक वस्तू घेण्याचे मनात आणले की तिच्या बाबतीत हा क्रम चालेना. ती वस्तू म्हणजे पिस्तूल.

हा शब्द दिसताच कित्येक वाचक, आणि त्यांहूनही अधिक वाचकांच्या घरची वडील माणसे, अंक मिटून ठेवतील हे आम्ही जाणून आहो. देवघर, पुस्तकांचे कपाट आणि लोणच्याच्या बरण्या ह्यांच्या शेजारी पिस्तुलास जागा ती कोठली? तथापि ज्या घरी हा प्रश्न एकदा निघाला तेथे तो हसून वारता येत नाही. आमच्या घरी तो जवळजवळ सहा महिने चालला. त्या अवधीत आम्हांस जे कळले ते, ह्या रानात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मध्यम स्थितीतील एखाद्या गृहस्थास उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहो.

आमचे मूळ घर वैशाखरे येथे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी सडक ह्या गावावरून जाते. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत, आणि त्या भिंतीस पडलेली खाच म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यास लोक जकातीचा रांजण म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल ह्याच वाटेने जुन्नरास चढत असे. जेथे माल चढतो तेथे लुटारूही चढतात, आणि जकात घेणाऱ्याने वाटेची राखण करावी ही अपेक्षाही त्या रांजणाइतकीच जुनी असली पाहिजे. आता माल मोटारींतून माळशेजने जातो. नाणेघाटात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून चढतात, आणि गावात चार दिवस कोण आले नि कोण गेले ह्याचा पत्ता राहत नाही.

आमच्या एकत्र कुटुंबाच्या चुली आता तीन ठिकाणी पेटतात. तरी सातबारा एक, गणपती एक, आणि मोठ्या खर्चाचा विचारही एकत्रच. आई, नाना आणि वहिनी वैशाखऱ्यास असतात. नानांची भाताची गिरणी आहे. भात झोडून झाले की दोन-अडीच महिने घरात रोख रक्कम खेळते, आणि ती खेळते हे पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक असते. त्या सुमारास जवळच्याच एका वस्तीवर रात्री तिघे घुसले, घरच्या म्हाताऱ्यास खांबाशी बांधून मारले आणि दागिने नेले. म्हातारा वाचला; परंतु त्याचा उजवा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. नाना त्यास पाहून आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस कल्याणास दूरध्वनी करून म्हणाले, "पिस्तुलाची चौकशी कर. जरा बेताच्या किमतीतले पाहा."

"बेताच्या किमतीतले" हे शब्द आम्ही मुद्दाम येथे लिहून ठेवतो, कारण पुढचे सर्व त्यांतूनच निघाले.

पिस्तूल ह्या वस्तूस आमच्यासारख्या घरांत एक इतिहास आहे, आणि तो चौकशी करणाऱ्याच्या मनात प्रथम उभा राहतो. 1897 च्या 22 जूनच्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी केलेला रँडचा वध, 1909 च्या 21 डिसेंबरास नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल, 1931 साली फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव गोगटे ह्यांनी हॉटसनवर केलेला गोळीबार, ह्या कथा लहानपणी आम्ही रामायण-महाभारताच्या बरोबरीने ऐकल्या. आमच्या तालुक्याची स्वतःचीही एक कथा आहे: 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या दिवशी तेथे अजून लोक जमतात. त्या काळी 1878 चा शस्त्रकायदा लागू होता. एतद्देशीय माणसाने परवान्यावाचून शस्त्र बाळगू नये असा त्याचा कटाक्ष, आणि युरोपीय मात्र त्यातून मोकळे. साहजिकच चोरून मिळवलेल्या पिस्तुलास एक तेज चढले. परंतु ते तेज उसने घेऊन भाताच्या गिरणीवाल्याने शस्त्र विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मंडळींना त्या हातातून काय व्हावयाचे आहे हे ठाऊक होते. आमच्या नानांना पिस्तूल हवे होते ते त्यातून काहीही होऊ नये म्हणून.

मग कायदा पाहिला. सध्याचा शस्त्र अधिनियम 1959 चा. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याखालचे हल्लीचे नियम 2016 चे आहेत. परदेशच्या चित्रपटांत दाखवतात तसे दुकानात जाऊन पसंत करावे, पैसे मोजावे आणि घेऊन यावे, असा प्रकार येथे नाही. येथे परवाना आधी, पसंती मागाहून. ग्रामीण भागातल्या माणसाने अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्या बाबतीत ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा. जेथे पोलिस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे. अर्जदाराचे वय निदान एकवीस पाहिजे. अर्जासोबत प्रकृती आणि मन ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. पोलिस चौकशी करून अहवाल देतात. परवाना मिळाला तर 2019 च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा असतो. पूर्वी तीनच वर्षांचा असे. त्याच दुरुस्तीने एका माणसाजवळ दोनच शस्त्रे असावीत अशी मर्यादा आली. आधी ती तीन होती. निवडणुका आल्या म्हणजे पुष्कळदा परवान्याचे शस्त्रही पोलिस ठाण्यात जमा करावे लागते; तेव्हा ज्याला ते बारा महिने उशाशी हवे त्याने हेही ध्यानात घ्यावे.

ह्या सर्वांत कठीण रकाना एकच: परवाना कशासाठी हवा? पिकाच्या राखणीसाठी किंवा संरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्याशी कायदा त्यातल्या त्यात उदारपणे वागतो. कोकणात ठासणीच्या बंदुका शेतीच्या संरक्षणासाठी म्हणून कित्येक घरांत पिढ्यानुपिढ्या आहेत. पिस्तूल मागणाऱ्याने मात्र आपल्या जिवास किंवा मालमत्तेस खरोखर धोका आहे, किंवा आपला व्यवसायच तसा आहे, हे पटवून द्यावे लागते. "असावे एखादे" हे कारण तेथे चालत नाही. आमच्या मते ते घरातही चालू नये.

आता किंमत. येथे मध्यम स्थितीतल्या माणसाची जी पहिली समजूत असते ती म्हणजे जुने घेतले तर स्वस्त पडेल. सायकल, मोटार, हार्मोनियम ह्यांना लागू पडणारा हा नियम पिस्तुलास लागत नाही. खाजगी माणसांसाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे आधी देशात आलेली वेब्ली किंवा कोल्ट जातीची जुनी शस्त्रे परवानेदारांतच हात बदलत राहतात, आणि त्यांची किंमत गुणावर नव्हे तर दुर्मिळतेवर ठरते. ज्या देशात ती बनली तेथे ज्यांस कोणी फारसे विचारणार नाही, त्यांस येथे लाखांनी पैसे पडतात. हौशी माणसाने ती घ्यावीत. ज्याला मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडावयाचे आहे त्याने त्यांच्याकडे पाहू नये.

राहिली देशी. 9 मिलिमीटर व्यासाची शस्त्रे सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत, म्हणून निवड मुख्यतः .32 आणि .22 ह्या दोन व्यासांत होते. सरकारी आयुध निर्माणींनी केलेले .32 चे रिव्हॉल्व्हर हे ह्या देशातल्या परवानेदाराचे नेहमीचे शस्त्र. 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या निर्माणीने 'निर्भीक' ह्या नावाचे एक हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये जिच्यावर अत्याचार झाला त्या मुलीच्या स्मरणार्थ ते नाव ठेवले, आणि ते स्त्रियांसाठी म्हणून जाहीर केले. वजन सुमारे 500 ग्रॅम, सहा गोळ्या, आणि त्या वेळची किंमत 1,22,360 रुपये. पुढे 'निडर' नावाचे .22 व्यासाचे, आठ गोळ्यांचे, सुमारे 250 ग्रॅम वजनाचे आणि पुष्कळ स्वस्त असे दुसरे निघाले. आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने 2023 च्या ऑगस्टात 'प्रबल' हे .32 चे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे चक्र बाजूस उघडते, आणि त्याचा मारा 50 मीटरपर्यंत पोचतो असे कंपनी सांगते. आमच्या ओटीची लांबी साडेपाच मीटर आहे.

किमतीवर कर वेगळा. 2017 पासून पिस्तुलांवर वस्तू व सेवा कर 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. मोठ्या मोटारी आणि विहारनौका ह्यांच्या पंक्तीस सरकारने पिस्तूल बसवले आहे. नानांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे भीतीसुद्धा आता चैनीत मोडते."

ह्यावर एका परिचिताने नानांस हळूच सुचवले की देशी कट्टा फार थोडक्यात मिळतो, आणि कागदपत्रांची यातायातही नाही. असे सुचवणारे प्रत्येक गावात असतात. कट्ट्याची नळी कोणत्या लोखंडाची, ती कोणी कशी भोकसली, हे कोणासही ठाऊक नसते. गोळी पुढे जाण्याऐवजी नळी फुटली तर हात ज्याचा त्याचाच जातो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावाचून साधे शस्त्र नुसते जवळ सापडले तरी दोन ते पाच वर्षांची कैद आहे. ते बनवणाऱ्यास आणि विकणाऱ्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. नानांनी त्या परिचितास चहा पाजला आणि पुन्हा बोलावले नाही.

कल्याणास आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांस आम्ही विचारले, कोणते घ्यावे? ते म्हणाले, "आधी बोटं दाखवा." कोणाची, म्हणून आम्ही विचारताच ते हसले. त्यांचे सांगणे असे की पहिल्याने शस्त्र घेणाऱ्याने पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे समजावे. पिस्तुलाची वरची पट्टी मागे ओढावयास मनगटात जोर लागतो, आणि गोळी आत राहिली आहे की नाही हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की आत काडतूस आहे की भोक मोकळे आहे हे आंधळ्यालाही बोटाने कळते. परंतु रिव्हॉल्व्हरचा चाप, घोडा आधी न चढवता ओढावयाचा तर, जड असतो. संधिवाताची बोटे तो अर्ध्यावर सोडतात किंवा ओढताना नळी खाली झुकवतात. फार हलके शस्त्र खिशात बरे वाटते, पण गोळी सुटताना हातात उसळते. म्हणून किमतीचा आकडा पाहण्याआधी ते हातात धरून, रिकामे असता चाप ओढून पाहावे, आणि ज्याला ते वापरावयाचे त्यानेच पाहावे. दुसऱ्यासाठी जोडा आणि पिस्तूल घेऊ नये, असे त्यांचे शब्द होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती वैशाखऱ्यास विशेष लागू आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मिठास पाणी सुटते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते, आणि दाराची कडी रात्रीत तांबारते. अशा हवेत शस्त्र कातडी म्यानात घालून ठेवले तर कातडे ओल धरते आणि लोखंड खाते. ते पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, कोरड्या जागी, कातड्याबाहेर ठेवावे. काडतुसे निराळ्या डब्यात. दर पंधरा दिवसांनी पाहावे. म्हणजे तेल, कुलूपबंद पेटी, शिक्षणाची फी, सरावाच्या गोळ्या आणि ठाण्याच्या खेपा हे सर्व किमतीत धरावयास हवे. आम्ही तसा हिशेब मांडला. त्यात पिस्तुलाची किंमत हा निम्म्याहून थोडासाच मोठा भाग निघाला.

दिवाळीत सर्व मंडळी वैशाखऱ्यास जमली तेव्हा हा हिशेब आम्ही वाचून दाखवला. आकड्यांवर कोणी फारसे बोलले नाही. बोलणे निघाले ते किल्लीवरून.

एकत्र कुटुंबात सर्व सामाईक असते. पातेली, छत्र्या, आजारपणे, एवढेच काय पण टपाली पत्रेसुद्धा. परंतु परवाना एकाच माणसाच्या नावे, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्याने त्या शस्त्रास हात लावावयाचा नाही. आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, आणि त्यातली कोणती किल्ली कशाची हे चारही सुनांस माहीत असे; तरच घर चालते. येथे घरात प्रथमच अशी एक किल्ली येणार होती की जिचा ठावठिकाणा बाकीच्यांस कळू द्यावयाचा नाही. नाना म्हणाले, "माझ्याजवळ राहील." आमची धाकटी सूनबाई डॉक्टर आहे. ती सहसा वडिलांच्या बोलण्यात बोलत नाही. त्या दिवशी बोलली. अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात केलरमन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 आणि 1993 साली दोन अभ्यास छापले, असे तिने सांगितले. बंदूक असलेल्या घरांत आत्महत्येचा संभव बंदूक नसलेल्या घरांहून सुमारे पावणेपाच पट, आणि घरातच खून होण्याचा संभव पावणेतीन पटीच्या जवळपास आढळला. ह्या आकड्यांवर तेथे पुढे पुष्कळ वाद झाला, आणि अमेरिकेतील घर ते वैशाखऱ्यातील नव्हे, हेही तिनेच सांगितले. "पण नाना," ती म्हणाली, "चोर वर्षातून एकदा येईल की नाही कोण जाणे. आपल्यातलं कोणीतरी वर्षातून एकदा तरी फार खचलेलं असतंच."

माजघरात बारावीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा अडखळलेला आमचा पुतण्या करंज्या खात बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि न पाहण्याचा प्रयत्न सर्वांनी एकाच वेळी केला.

मग आई बोलली. आईचे वय अठ्ठ्याऐंशी. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातले. 1948 च्या 30 जानेवारीस दिल्लीत एका ब्राह्मणाच्या हातातील बेरेटा पिस्तुलाने गांधीजींचा प्राण गेला, आणि पुढच्या काही दिवसांत त्या बाजूच्या कित्येक गावांत ब्राह्मणांची घरे पेटली. आई तेव्हा अकरा वर्षांची होती. हे आम्ही तिच्या तोंडून पूर्वी तुटक ऐकले होते. त्या दिवशी तिने जे सांगितले ते मात्र प्रथमच ऐकले. तिच्या वडिलांकडे परवान्याची बंदूक होती, भिंतीवर खुंटीला टांगलेली. जमाव अंगणात आला तेव्हा तिच्या काकांनी ती उतरवावयास हात घातला. वडिलांनी त्यांचे मनगट धरले. ते म्हणाले, समोरचे सगळे आपल्या ओळखीचे आहेत, त्यांतला एक पडला तर उद्या ह्या गावात आपल्या मुलांस पाणी कोण देईल? ते मागच्या दाराने निघाले आणि शेजारच्या मराठा कुटुंबाच्या कणगीमागे दोन रात्री बसले. घर गेले. बंदूकही घराबरोबर गेली. "ती चालवली नाही म्हणून आम्ही वाचलो की ती होती म्हणून ते आधी अंगणातच थांबले," आई म्हणाली, "हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही ठरवा."

ह्यावर कोणीच काही ठरवले नाही. रात्री जेवणे उशिरा झाली.

दुसऱ्या दिवशी व्यवहाराचे बोलणे निघाले, आणि ते बरे झाले. रोख रक्कम हे चोरास बोलावणे असेल तर ती घरात नको. गिरणीचे देणेघेणे शक्य तेवढे बँकेतून आणि दूरध्वनीवरून करावे असे ठरले. आता वाडीवरचे ठाकर शेतकरीदेखील तसे करू लागले आहेत, आणि न करणाऱ्यांपुरते थोडे पैसे नाना कपाटात ठेवतात. मागच्या दारास लोखंडी आडणा बसवला. अंगणात आणि गिरणीपुढे दिवे लावले. एक कुत्रा आणला. तो अद्याप पाहुणे आणि चोर ह्यांत भेद करीत नाही. ह्या सर्वांचा खर्च पिस्तुलाच्या एक-तृतीयांशही झाला नाही. आम्हांस वाटले, प्रश्न मिटला. आम्ही मनातून ह्या शस्त्राच्या विरुद्धच होतो, हे वाचकांनी एव्हाना ओळखलेच असेल.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, घरात पैसे नाहीत हे चोराला कोण सांगणार?"

वहिनी फार थोडे बोलतात. नाना महिन्यातून दहा-बारा दिवस कल्याण, जुन्नर, नगर असे फिरतीवर असतात. त्या रात्री घरात वहिनी आणि आई अशा दोघीच. दिवाळीभर आम्ही पुरुष मंडळी नानांच्या हातात शस्त्र द्यावे की नाही ह्याचा काथ्याकूट करीत होतो. ज्या रात्रीची भीती होती त्या रात्री नाना घरात नसतातच, हे एकाच्याही ध्यानात आले नव्हते. वहिनींचे वय छप्पन्न, हात स्वच्छ, संधिवात नाही, राग येतो तो चुलीपाशीच विझतो. त्यांनी अटीही सांगितल्या. परवाना त्यांच्या नावे असावा. नाना घरी असतील तेव्हा पेटी गिरणीच्या तिजोरीत बंद राहावी. त्या एकट्या असतील तेव्हाच ती घरात यावी. मुले सुट्टीस आली म्हणजे तर मुळीच येऊ नये. आणि किल्ली कोठे आहे हे त्या नानांसही सांगणार नाहीत. नाना काहीसे दुखावले. परंतु त्यांनी हो म्हटले.

ह्या अटींनी शस्त्राची निवडही आपोआप सोपी झाली. नाना जे घेणार होते ते नानांच्या तळहातास शोभेल असे जड होते. वहिनींनी शस्त्रांच्या दुकानात एकामागून एक तीन रिकामी रिव्हॉल्व्हरे हातात घेतली, प्रत्येकाचा चाप दहा-दहा वेळा ओढला, आणि भाजीवाल्याच्या दारात जशा उभ्या राहतात तशाच शांतपणे उभ्या राहून सर्वांत स्वस्त होते ते बाजूस सारले. कारण त्याची मूठ त्यांच्या करंगळीस पुरेना. सर्वांत महाग होते तेही सारले. मधले पसंत केले. पसंती कळवून ठेवली आहे, पैसे परवान्यानंतर.

शिक्षणाच्या वर्गात त्यांच्याबरोबर एक सराफ, एक निवृत्त बँक अधिकारी आणि दोन तरुण बांधकाम ठेकेदार होते. कायद्याचा भागही तेथे शिकवतात. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 ह्या कलमांत आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच दूरवर जातो. परंतु बचावास जरूर तेवढीच इजा, अधिक नाही, आणि पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी म्हणजे बचाव नव्हे. तरुण ठेकेदारांनी लग्नात हवेत बार काढण्याविषयी विचारले. त्यास 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे उत्तर मिळताच त्यांचा उत्साह कमी झाला. वहिनींनी एकच विचारले: झोपेतून उठल्यावर चष्म्यावाचून हे सर्व कसे दिसावयाचे? शिक्षक म्हणाले की इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांस प्रथमच कोणी विचारला. वहिनींनी परतताना चष्म्यास बांधावयाची दोरी घेतली.

अर्ज ठाण्यास गेला. "कशासाठी हवा" ह्या रकान्यात काय लिहावे म्हणून आम्ही एक पानभर मसुदा करून दिला होता. वहिनींनी तो वाचला, चांगला आहे म्हटले, आणि स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: पती व्यवसायानिमित्त बाहेरगावी असतात, घरी मी आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. परवाना मिळेलच असे नाही. त्यांस ते मान्य आहे. न मिळाल्यास कुत्र्यास शिकवू म्हणतात.

टोकावड्याच्या पोलिस ठाण्याचे हवालदार चौकशीस आले तेव्हा आम्ही तेथेच होतो. त्यांनी कागद पाहिले, तिजोरी पाहिली, आडणा लावून पाहिला. मग वही उघडून नेहमीचे प्रश्न विचारू लागले. पहिले दोन-तीन प्रश्न त्यांनी नानांकडे पाहून विचारले, उत्तरे वहिनींनी दिली. पुढे ते वहिनींकडेच पाहू लागले. घरात दारू कोणी पितो काय? नाही. कोणावर खटला? नाही. घरात काही भांडणतंटा?

"भांडणं आहेत," वहिनी म्हणाल्या, "तंटा नाही."

हवालदारांनी पेन थांबवले, ओटीवर बसलेल्या आम्हां सर्वांकडे एकवार पाहिले, आणि काहीतरी लिहून घेतले. दोन्ही शब्द लिहिले की एकच, ते आम्हांस बसल्या जागेवरून दिसले नाही.